चार बटणं पुरेशी आहेत, अडचण दुसरीकडे आहे

प्रश्न : मी अमळनेरकडचा. अहिराणी गाणी गातो, गिटार आणि डफ वाजवतो. साथीला कायमचं कोणी नसतं, म्हणून लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह या संगीताच्या प्रोग्रॅममधला लूपर (वाजवलेला तुकडा भरून पुन्हा पुन्हा वाजवणारं साधन) लावतो आणि तो पायाने चालवायला चार बटणांचा यूएसबी मिडी फूट कंट्रोलर घेतला आहे. पण रेकॉर्डचं बटण कधी लागतं, कधी दोनदा दाबावं लागतं. डफाचा लूप संपतो तिथे दर वेळी ठेच लागते. दुसरा-तिसरा थर चढवला की सगळं मागे ओढल्यासारखं वाटतं. एका लग्नात जनरेटरवर सगळं चालू असताना स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहिला आणि कंट्रोलर मध्येच बंद पडला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावात कार्यक्रम आहे. हा विकून दहा बटणांचा मोठा घेऊ का?

उत्तर : भाऊ, विकू नका. तुम्ही लिहिलेली एकही अडचण बटणं कमी असल्यामुळे आलेली नाही. दहा बटणांच्या कंट्रोलरवरही त्या सगळ्या जशाच्या तशा येतील आणि गाता गाता चुकीच्या बटणावर पाय पडण्याची भीती तेवढी वाढेल. हाताशी पैसे असतील तर एक डीआय बॉक्स (इंटरफेस आणि मिक्सर यांच्यात लावायची, घूं आवाज तोडणारी डबी) आणि एक चांगली यूएसबी केबल घ्या.

मिडी म्हणजे वाद्यांनी आणि संगणकाने एकमेकांना आदेश पाठवायची भाषा. तिच्या तारेतून आवाज जात नाही. बटण दाबलं की फक्त तीन लहान आकडे जातात: संदेश कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या चॅनेलवरचा, कंट्रोलचा क्रमांक, आणि त्याची किंमत. क्रमांक आणि किंमत दोन्ही ० ते १२७ मध्ये असतात. त्यामुळे बटण लागणं किंवा न लागणं हा कंट्रोलरचा प्रश्न आहे. थर मागे पडणं हा ऑडिओ इंटरफेसचा (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि बफरचा (आवाज एका वेळी किती मोठ्या तुकड्यात पोचवायचा ते माप). घूं आवाज विजेचा. ठेच मात्र बहुतेक वेळा पायाचीच असते.

दोनदा दाबावं लागण्याचं कारण जवळजवळ नक्की हे आहे: तुमचं बटण लॅच प्रकारावर लावलेलं आहे. लॅचमध्ये पहिल्यांदा दाबलं की १२७ जातो, पुन्हा दाबलं की ० जातो. लूपर १२७ ला ‘दाबलं’ समजतो आणि ० ला ‘सोडलं’. म्हणजे तुमची प्रत्येक दुसरी दाब त्याच्या लेखी बटण सोडणं असते आणि तो काहीच करत नाही. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये चारही बटणं मोमेंटरी करा: दाबताना १२७, उचलताना ०. याचा दुसराही फायदा आहे. लाइव्हच्या लूपरमध्ये मुख्य बटण लूप चालू असताना दोन सेकंद दाबून धरलं की शेवटचा थर मागे घेतला जातो, लूप थांबलेला असताना दाबून धरलं की तो पुसला जातो, आणि पटकन दोनदा दाबलं की लूप थांबतो. लॅचवर ‘दाबून धरणं’ असं काही उरतच नाही. चालू लूप आपोआप मागे जातोय किंवा थांबलेला पुसला जातोय असं कधी वाटलं असेल, तर त्याचंही मूळ इथेच आहे: ० येईपर्यंत लूपरला बटण दाबून धरलंय असंच वाटतं.

अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका, आकडे डोळ्यांनी बघा. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर हे फुकट प्रोग्रॅम आहेत. एकेक बटण हळू दाबा, सोडा, आणि काय येतं ते लिहून ठेवा. एका दाबेला १२७ आणि ० अशी एकच जोडी दिसली पाहिजे. दोन जोड्या दिसल्या तर आतला स्विच झिजलाय किंवा त्यात धूळ गेली आहे आणि संपर्क थरथरतोय. नुसता प्रोग्रॅम चेंज (वाद्याचा आवाज बदलायचा संदेश) दिसला तर तो कंट्रोल चेंजवर (वर सांगितलेला क्रमांक-किंमतीचा संदेश) बदला, कारण लाइव्हच्या मॅपिंगमध्ये नोट आणि कंट्रोल चेंज चालतात, प्रोग्रॅम चेंज चालत नाही. एक खबरदारी: बहुतेक विंडोज मशीनवर एक मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. मिडी-ऑक्स उघडा ठेवून लाइव्ह चालू केलं तर कंट्रोलर ‘मेल्यासारखा’ दिसेल. आधी मिडी-ऑक्स बंद करा, मग लाइव्ह उघडा.

क्रमांक निवडताना २० ते ३१ किंवा १०२ ते ११९ यांतले घ्या. त्यांना कोणतंही ठरलेलं काम नाही. ७ हा आवाजाचा, ६४ हा सस्टेनचा, आणि १२० पासून पुढचे ‘सगळे सूर बंद’ अशा कामांचे आहेत. ते टाळा. लाइव्हच्या मिडी सेटिंगमध्ये तुमच्या कंट्रोलरच्या इनपुटपुढे ‘रिमोट’ चालू आणि ‘ट्रॅक’ बंद ठेवा. मग कंट्रोल आणि एम एकत्र दाबा, पडद्यावरच्या बटणावर क्लिक करा, पायाने बटण दाबा, आणि पुन्हा कंट्रोल-एम.

आता चार बटणं कशी वाटायची. दोन लूपर ठेवा, दोन वेगळ्या ट्रॅकवर: एक डफ-गिटारचा, एक आवाजाचा. डावीकडून पहिलं बटण तालाच्या लूपरचं मुख्य बटण, दुसरं आवाजाच्या लूपरचं मुख्य बटण. तिसऱ्यावर आवाजाच्या लूपरचं अनडू, म्हणजे शेवटचा थर मागे घेणं. चौथ्यावर तालाच्या ट्रॅकचं म्यूट, म्हणजे अंतऱ्याला ठेका काढून नुसता आवाज ठेवता येईल आणि धृवपदाला ठेका परत आणता येईल. अनडूला स्वतंत्र बटण द्याच, असा आमचा आग्रह आहे. दाबून धरून अनडू होतं हे खरं, पण गाताना दोन सेकंद पाय रोवून उभं राहणं आणि त्याच वेळी सूर सांभाळणं जड जातं, आणि बेसूर झालेला थर तेवढ्यात आणखी एकदा लोकांच्या कानावर जातो. पुसण्याचं काम मात्र कोणत्याही बटणाला स्वतंत्र देऊ नका. ते दाबून धरण्यापुरतंच राहू द्या, म्हणजे चुकून होणार नाही. चार बटणांत एवढं बसतं. एकट्या माणसाच्या दीड तासाच्या कार्यक्रमाला याहून जास्त लागत नाही.

ठेचेकडे वळू. केरव्याच्या आठ मात्रांचा लूप असेल तर तो आठव्या मात्रेवर बंद होत नाही, त्यापुढच्या समेवर बंद होतो. शेवटचा बोल वाजला की हात थांबतो आणि हातासोबत पाय पडतो. लूप सात मात्रांचा होतो, कधी साडेसातांचा. पायाची दाब ‘आठ’ला नाही, पुढच्या ‘एक’ला. आणि त्या ‘एक’लाही हात थांबवू नका, पुढचं आवर्तन वाजवतच राहा. थांबलात की शेवटच्या थापेची गुंज कापली जाते आणि जोडावर टक् असा आवाज येतो. पेडलला लागणारा वेळ यात फारसा आड येत नाही, कारण सुरुवातीची आणि शेवटची दाब दोन्ही सारख्याच उशिरा पोचतात आणि लांबी बरोबर राहते. घातक असतो तो कमीजास्त होणारा उशीर. म्हणूनच ब्लूटूथवर चालणारा कंट्रोलर असला तरी मंचावर तारच वापरा. लग्नाच्या मांडवात शेकडो मोबाइल असतात.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे लय आधीच ठरवणं. प्रत्येक गाण्याचा टेम्पो लिहून ठेवा, क्लिक (ठोक्यांची टिकटिक) फक्त तुमच्या एका कानात द्या, क्वांटायझेशन (दाब पुढच्या कोणत्या जागी लागू करायची ते) एक बारवर, म्हणजे एका आवर्तनावर ठेवा आणि लूपरच्या रेकॉर्ड लेंथमध्ये ४ बार निवडा. मग समेच्या आधीच्या बारमध्ये कुठेही दाबलं तरी रेकॉर्डिंग समेलाच सुरू होतं आणि चार बार भरले की आपोआप बंद होतं. दाबायला केसभर उशीर झाला तर मात्र तो पूर्ण एक बार थांबेल. म्हणून आधीच्या आवर्तनाच्या मधोमध दाबायची सवय लावा, समेच्या तोंडावर नको. रेकॉर्ड संपल्यावर पुढे ओव्हरडब (वरून आणखी थर भरत राहणं) की प्ले, हेही तिथेच ठरतं. प्ले ठेवा. ओव्हरडब राहिलं तर तुमचं ‘माइक थोडा वाढवा’ हे वाक्यही दर आवर्तनाला ऐकू येत राहील.

दादरा असेल तर बार ६/८ करा. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. लाइव्हमधला टेम्पो चतुर्थांश नोटेचा असतो आणि ६/८ मध्ये तुमची मात्रा अष्टमांश नोट असते. मिनिटाला १८० मात्रांची लय हवी असेल तर टेम्पोत ९० लिहा. सहा मात्रांचं एक आवर्तन २ सेकंदांचं, चार आवर्तनांचा लूप ८ सेकंदांचा. केरव्याला ४/४ घ्या, म्हणजे आठ मात्रा एका बारमध्ये बसतात. १०० टेम्पोला तो बार २.४ सेकंदांचा होतो. टेम्पो न ठरवता, गाणं थांबलेलं असताना मोकळा लूप भरला तर लूपर लय स्वतः ताडतो आणि ती दुप्पट किंवा निम्मी धरू शकतो. पुढचे थर मग भलत्याच बारवर सुरू होतात.

थर मागे पडतात त्याचं कारण आकड्यांत बघा. तुमचा बफर ५१२ आणि सँपल रेट ४८,००० असेल तर आवाज आत यायला सुमारे १०.७ मिलिसेकंद आणि बाहेर जायला तेवढेच. वर कन्व्हर्टरचे आणि यूएसबीचे काही. म्हणजे जवळजवळ २५. लूप तुम्हाला उशिरा ऐकू येतो, तुम्ही त्याच्या बरोबरीने वाजवता, आणि ते वाजवणं आणखी उशिरा आत पोचतं. दुसऱ्या थराच्या मागे तिसरा, तिसऱ्याच्या मागे चौथा, असं कान ठेवून वाजवलं तर हा उशीर साचत जातो: २५, ५०, ७५. ५० मिलिसेकंद मागे पडलेली डफाची थाप कुणालाही कळते. बफर १२८ करा, म्हणजे एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंदांवर येईल. त्यासाठी विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर टाकलेला हवा. सर्वांसाठीचा एएसआयओ-फोर-ऑल हा कंपनीचा ड्रायव्हर नसेल तेव्हाचा पर्याय आहे. १२८ वर आवाज तडतडला तर २५६ वर थांबा आणि ट्रॅकवरचे जड प्लगइन काढा. सूर दुरुस्त करणारे, लिनिअर फेजचे ईक्यू, पुढचं बघून काम करणारे लिमिटर हे स्वतःच उशीर घालतात आणि त्यांच्यासाठी सगळा प्रोजेक्टच तेवढा उशिरा वाजतो. रेकॉर्डिंगला ते चांगले, मंचावर नकोत.

खरा उशीर मोजायचा तर इंटरफेसचं आउटपुट एका तारेने त्याच्याच इनपुटला जोडा, क्लिक वाजवा आणि रेकॉर्ड करा. हे करताना त्या ट्रॅकचं मॉनिटर बंद ठेवा आणि स्पीकरचा आवाज शून्यावर. मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेली क्लिक यांत ४८,००० ला २४० सँपलचा फरक असेल तर ५ मिलिसेकंद. हा आकडा सेटिंगमधल्या ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशनमध्ये भरता येतो. पुन्हा मोजा, फरक शून्याजवळ आला पाहिजे. ही दुरुस्ती क्लिपमध्ये केलेल्या रेकॉर्डिंगसाठी आहे. लूपर हा इफेक्ट आहे, त्यासाठी बफर कमी करणं हाच मुख्य इलाज समजा.

स्वतःचा आवाज ऐकायचा मार्ग एकच ठेवा. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर आणि लाइव्हमधलं मॉनिटर दोन्ही चालू असतील तर आवाज दुहेरी, नळीतून आल्यासारखा येतो. आणि मॉनिटर स्पीकर पाच मीटरवर असेल तर हवेतच सुमारे १५ मिलिसेकंद जातात, मग बफरवर केलेली सगळी मेहनत वाया. इअरफोन लावा.

लयीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती आपल्या गाण्याची गोष्ट आहे. आखाजीची झोक्यावरची गाणी असोत की आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची, ती एका लयीत सुरू होऊन त्याच लयीत संपत नाहीत. रंग भरतो तशी लय चढते. लूप चढत नाही. टेम्पो ओढून लूप चढवायला गेलात तर लाइव्हचा लूपर टेपसारखा वेगाने फिरतो आणि सूरही वर जातो. ९६ चे १०८ केले तर जवळजवळ पूर्ण दोन अर्धस्वर. डफाला ते चालून जातं, थाप जरा टणक होते इतकंच. गिटार आणि आवाज मात्र तुमच्या पट्टीतून निघून जातात. म्हणून चढत्या लयीच्या गाण्यात आवाजाचे थर फक्त पहिल्या, ठाय भागात ठेवा. चढण्याची जागा आली की आवाजाचा लूप थांबवा, चौथ्या बटणाने तालही काढा, आणि शेवट हातातल्या डफावर जिवंत करा. लोकांना तो बदल कळतो आणि आवडतो. लूपचा खरा उपयोग झिलकऱ्यांच्या (मागून ओळ झेलणाऱ्या साथीदारांच्या) जागी होतो. ‘झेलायची’ ओळ तीन वेळा, प्रत्येक वेळी माइकपासून थोडं वेगळं अंतर ठेवून भरा. तीन गळे उभे राहतात आणि तुम्ही पुढची ओळ मोकळेपणाने घेऊ शकता. मात्र त्या तीन थरांत श्वास एकाच जागी घ्या, नाहीतर ओळीचा शेवट विस्कटतो.

हे थर भरताना माइकमध्ये स्पीकरमधला जुना लूपही शिरतो. म्हणजे प्रत्येक थरात मागचे सगळे थर पुन्हा मिसळतात, आवाज गढूळ होतो आणि शेवटी शिट्टी मारतो. डायनॅमिक माइक घ्या, तोंडापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर. माइक कार्डिऑइड (पाठीमागचं सर्वांत कमी ऐकणारा) असेल तर मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे ठेवा, सुपरकार्डिऑइड असेल तर थोडा कोपऱ्याला, कारण त्याची बहिरी दिशा १२५ अंशांच्या आसपास असते. आवाजाच्या ट्रॅकवर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. प्रत्येक थराची उंची -१२ डेसिबलपर्यंतच ठेवा. सारख्या जोराचे चार थर एकत्र आले की पातळी साधारण ६ डेसिबलने वर जाते, आणि सगळ्या थापा एकाच क्षणी पडल्या तर त्याहून जास्त. लूपरचा फीडबॅक १०० टक्क्यांवर असेल तर जुने थर तसेच राहतात. ९० केला तर ओव्हरडब चालू असताना प्रत्येक फेरीत ते जवळजवळ १ डेसिबलने उतरतात आणि आठ फेऱ्यांनी निम्म्याखाली येतात. लांब आलापाखाली हे छान वाटतं, ठेक्याला नको.

आता जनरेटर. घूं आवाज येत असताना लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर लॅपटॉपचं अर्थिंग आणि मिक्सरचं अर्थिंग यांचा वेटोळा झालेला आहे. इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स लावा आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट (आवाजाच्या तारेतली अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण) दाबा, डीआय बॉक्सपासून मिक्सरपर्यंत बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट रद्द करणारी) तार वापरा. बरेच साउंडवाले अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात किंवा तिच्यावर टेप लावतात. ते कधीही होऊ देऊ नका. तुमचे ओठ माइकच्या लोखंडी जाळीला आणि हात गिटारच्या तारांना लागलेले असतात. दोन्हींमध्ये व्होल्टेजचा फरक पडला तर झटका थेट छातीतून जातो. शक्य असेल तर दोन्ही उपकरणांची वीज एकाच बोर्डावरून घ्या.

कंट्रोलर मध्येच बंद पडला त्यामागे सहसा विंडोजची वीज वाचवण्याची सवय असते. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब नको आणि कंट्रोलरच्या तोंडाशी केबलला एक सैल वळसा देऊन तो जमिनीला टेपने चिकटवा, म्हणजे पाय अडकला तरी झटका सॉकेटला बसणार नाही. कंट्रोलर नेहमी एकाच पोर्टमध्ये आणि लाइव्ह उघडण्याआधी लावा. पोर्ट बदलला की विंडोज त्याला नवं नाव देऊ शकतं आणि मॅपिंग हरवल्यासारखं दिसतं.

आखाजी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. लॅपटॉप तापला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो आणि तडतड सुरू होते. गादीवर, सतरंजीवर ठेवू नका, स्टँडवर सावलीत ठेवा आणि खालची हवा मोकळी राहू द्या. घरी पंख्याखाली १२८ वर नीट चाललेला प्रोजेक्ट भर दुपारी चालेलच असं नाही. एकदा दुपारी तीनला, पंखा बंद करून, अख्खा कार्यक्रम वाजवून बघा आणि त्यावरून बफर ठरवा. देवापुढे अनवाणी उभं राहायचं असेल तर लोखंडी बटणांवर रबरी टोप्या बसवा. अनवाणी पायाची दाब हलकी पडते, तीच सवय आधी घरी करून घ्या.

आणि एवढं करूनही कंट्रोलर रुसला तर? लाइव्हमध्ये कंट्रोल-के दाबून तेच चार आदेश कीबोर्डच्या चार कळांवर मॅप करून ठेवा: झेड, एक्स, सी, व्ही. कीबोर्डने वाजवायचा मोड बंद ठेवा, नाहीतर त्यातल्या काही कळा दुसरंच काम करतात. लॅपटॉप हात पोचेल इतक्या उंचीवर, डाव्या बाजूला ठेवा.